तोंडी परीक्षा आणि माझं तोंड

मी जबलपूरच्या मेडिकल कॉलेजमधून घरी येते, स्कूटी लावते, हात धुते, मग आईच्या अटीप्रमाणे पुन्हा एकदा धुते, आणि हे सगळं होईस्तोवर बाबा पेपर बाजूला ठेवून वाट बघत असतात. मग विचारतात, "हं, आज कोण पडलं?"

पडलं म्हणजे चक्कर येऊन पडलं! अभ्यास किती झाला, हे आमच्या घरी कोणी विचारत नाही. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचा अभ्यास तसाही साठत नाही, उतू जातो. साठतात ते किस्से. एक सांगायला घेतला की त्याचं शेपूट धरून दुसरा येतो. आता सेकंड इयरला आल्यावर हे सगळं सांगताना मी स्वतःच खिदळते, पण खरं सांगते, तेव्हा अजिबात हसू येत नव्हतं.

त्याचं कारण असं, की लेखी पेपरात मी वाघीण. पण समोर कोणी मास्तर बसला आणि म्हणाला "बोलो", की माझं तोंड बंद. उत्तर डोक्यात असतं, जिभेपर्यंत येतं आणि तिथून परत जातं. बारावीपर्यंत हे कसंतरी निभावलं. मेडिकलमध्ये तोंडी परीक्षेला वायवा म्हणतात आणि ती प्रत्येक विषयाला असते, हे मला ॲडमिशन झाल्यावर कळलं!

* * *

पहिला दिवस, डिसेक्शन हॉल. मला टेबल नंबर चार मिळालं. त्या टेबलावर आम्ही आठ जण, पण किस्से दोघांचेच आहेत म्हणून दोघांचीच ओळख करून देते. एक अंशुल, नरसिंहपूरचा, सहा फूट उंच. दुसरी प्रियंका, मंडल्याची, होस्टेलवर राहणारी. देवाने माझ्या वाटचं बोलणंसुद्धा बहुतेक तिलाच देऊन टाकलं असावं.

आणि या सगळ्यांच्या वर तिवारी मॅडम. ॲनाटॉमीच्या हेड. बुटक्या, सुती साडीवर ॲप्रन, चष्मा गळ्यात दोरीला. त्या कधीच ओरडत नाहीत. आवाज इतका खाली असतो की सगळा हॉल श्वास धरून ऐकतो, आणि त्याचीच जास्त भीती वाटते.

बाहेर व्हरांड्यात अंशुल आम्हाला धीर देत होता. "डरने का नहीं. चक्कर आए तो मेरा हाथ पकड़ लेना. हम गाँव के लोग हैं, हमको कुछ नहीं होता."

आत गेल्यावर शपथ असते. ज्यांनी आपला देह आम्हाला शिकायला दिला, त्यांचा मान राखू, अशी. सगळ्यांनी उजवा हात पुढे केला. फॉर्मलिनच्या वासाने डोळ्यांतून पाणी येत होतं. मी मनात म्हणत होते, ऋचा, पडायचं नाही, पडायचं नाही. शपथेच्या दुसऱ्या ओळीला शेजारी धप्प असा आवाज आला. सहा फूट अंशुल जमिनीवर!

मॅडमनी त्याच्याकडे बघितलं, मग टेबलाकडे बघितलं. हळूच म्हणाल्या, "अभी तो चादर भी नहीं हटी."

* * *

मग हाडं. एका सीनियर दीदीने तिचा हाडांचा संच मला वर्षभरासाठी दिला. जुन्या एअरबॅगमध्ये भरून मी तो घरी आणला. आईने चेन उघडून बघितली आणि लगेच लावली.

"हे काहून आणलं घरात?"

"आई, अभ्यास आहे."

"मग तो अभ्यास बालकनीत राहील. देवघराच्या भिंतीला लागून नाही पायजे, स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ नाही पायजे."

आता आमची बालकनी केवढी! देवघर आणि स्वयंपाकघर सोडलं की एक कोपरा उरतो आणि तिथे कूलर ठेवला आहे. डिसेंबरच्या थंडीत शाल पांघरून मी कूलरला टेकून हाडं घोकत बसायची. आमच्या गोरखपूर मोहल्ल्याच्या बाजाराचा गोंगाट खालून, समोरच्या गच्चीवरून शेजारीण बघून राहिलेली, आणि माझ्या मांडीवर माणसाचा दंड.

इथे एक रीत सांगायला हवी. वायवात मॅडम हातात हाड देतात आणि पहिला प्रश्न एकच असतो, उजवं की डावं? ते चुकलं तर पुढचं काही विचारत नाहीत. हाड ठेवा आणि घरी जा. म्हणून सगळी फर्स्ट इयर आधी बाजू शिकते, मग बाकीचं जग.

तर मी ह्यूमरस, म्हणजे दंडाचं हाड, फिरवून फिरवून बडबडत होते. एकटी असले की माझं तोंड छान चालतं. "राइट... नाही, लेफ्ट... नाही, थांब, राइट..."

स्वयंपाकघरातून पोळी लाटता लाटता आई ओरडली, "अगं डावं आहे ते! गोल डोकं आत, मोठा खड्डा मागे! कालपासून तूच तर घोकून राहिली!"

मी बघितलं. डावंच होतं.

बाबा म्हणाले, "हिच्याऐवजी तूच जाऊन ये परीक्षेला."

आई म्हणाली, "जाईन. पण मी हात नाही लावणार. लांबून सांगते."

* * *

आईच गेली असती तर बरं झालं असतं.

वर्षभरात तीन इंटरनल असतात. तिन्हींचे लेखी-तोंडी सगळे मिळून निम्मे मार्क पडले नाहीत तर युनिव्हर्सिटीच्या परीक्षेचा फॉर्म कॉलेजमधून पुढे जात नाही. फॉर्म नाही गेला की बॅच पुढे जाते आणि आपण ज्युनियर मुलांसोबत पुन्हा पहिल्या वर्षात. हे सगळ्यांना पहिल्या दिवशीच सांगतात. मला ते झोपेतसुद्धा आठवायचं.

पहिल्या वायवाला मॅडमनी माझ्या हातात ह्यूमरस ठेवला. "राइट या लेफ्ट?"

गोल डोकं आत, मोठा खड्डा मागे. लेफ्ट. मला माहीत होतं. माझ्या आईलासुद्धा माहीत होतं! मी तोंड उघडलं आणि काहीच निघालं नाही.

"बोलो बेटा."

भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. हातातलं हाड घामाने ओलं झालं. मॅडमनी वाट बघितली. खरंच बघितली, हे मला मान्य करायला हवं.

"बेटा, इसमें तो सिक्का उछालने वाला भी आधी बार पास हो जाता है."

तरी नाही. शेवटी त्यांनी रजिस्टर ओढलं, पेन उचललं, आणि जरा विचार करून म्हणाल्या, "मुश्किल ये है कि तुम आई हो. ऐब्सेंट भी नहीं लिख सकती."

शून्य लिहिलं. घरी आले, हात दोनदा धुतले. बाबांनी पेपर बाजूला ठेवला. "हं, आज कोण पडलं?"

मी म्हटलं, "मी."

त्यांनी पेपरची घडी घातली. आईने पोळीवर तूप जरा जास्तच वाढलं. मला इतकी लाज वाटली की मी ते तूप बघत बसले, जेवलेच नाही.

* * *

जानेवारीत आमच्या मराठी मंडळात संक्रांतीचा कार्यक्रम होता. बायका काळ्या साड्या नेसून, पोरं हलव्याचे दागिने घालून, आणि घाटे काका नेहमीप्रमाणे खुर्च्या लावत होते. काका फॅक्टरीतून रिटायर झालेले. मंडळात खुर्ची हलली तरी त्यांना विचारून हलते. एक खुर्ची उचलता उचलता ते डगमगले आणि हॉलच्या मधोमध आडवे झाले.

एकच गलका! आणि त्या गलक्यातून कोणीतरी म्हणालं, "अरे, अपनी ऋचा है ना! डॉक्टर है!"

दोन मिनिटांत गर्दीने मला ढकलत काकांच्या शेजारी आणून बसवलं. मी म्हणत होते, "काकू, मी फर्स्ट इयरला आहे..." पण कोण ऐकतो? घाटे काकू माझा खांदा धरून म्हणत होत्या, "बघ ना बेटा, काय झालं यांना, बघ ना!"

मला तेव्हा माणसाचा फक्त हात येत होता. खांद्यापासून बोटांपर्यंत. छाती फेब्रुवारीत होती!

म्हणून मी हात धरला. मनगटाजवळ नाडी कुठे असते ते मला पाठ होतं. अंगठा घट्ट दाबला. लागली! धाडधाड लागली! घड्याळात बघून मोजली. काका पांढरेफटक, डोळे बंद, आणि नाडी अशी पळून राहिलेली. काही झालं तर सगळं जबलपूर म्हणेल, देशकरांची पोरगी शेजारी होती आणि काका गेले.

"एकशे चाळीस!" मी किंचाळले.

घाटे काकूंनी हंबरडा फोडला. कोणी ॲम्ब्युलन्सला फोन लावला, कोणी गाडी काढायला धावलं. तेवढ्यात मंडळातले कुलकर्णी डॉक्टर आले. कातडीचे डॉक्टर आहेत, पण डॉक्टर आहेत. हातातला तिळगूळ तोंडात टाकत ते खाली बसले, त्यांनी माझा अंगठा अलगद उचलून बाजूला केला आणि आपली तीन बोटं काकांच्या मनगटावर ठेवली.

"बहात्तर," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "बेटा, अंगठ्याने नाडी नाही बघत. अंगठ्याला स्वतःची नाडी असते. तू तुझीच मोजून राहिली."

काकांनी डोळे उघडले. सकाळपासून उपाशीपोटी खुर्च्या लावत होते, एवढंच. कुलकर्णी डॉक्टर उठता उठता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "यांना गूळपाणी द्या. आणि डॉक्टरीणबाईंना आडवं करा, त्यांची एकशे चाळीस आहे!"

* * *

फिजिओलॉजीच्या प्रॅक्टिकलमध्ये स्वतःचं रक्त काढून स्वतःच तपासायचं असतं. बोटाला सुई टोचायची, एक बारीक काचेची नळी लावायची, आणि तिला जोडलेल्या रबरी नळीतून तोंडाने हळूच ओढत रक्त खुणेपर्यंत आणायचं. हळूच! सर तीनदा सांगतात, हळूच.

चैत्र नवरात्र सुरू होतं आणि अंशुलचे नऊ दिवसांचे उपवास. त्यांच्याकडे व्रतात साधं मीठ चालत नाही, फक्त सेंधा नमक, म्हणजे शेंदेलोण. पोटात दोन केळी. सुई मी टोचली कारण तो स्वतःला टोचून घेईना. डोळे मिटून, देवीचं नाव घेऊन त्याने नळी तोंडात धरली आणि अशी काही ओढली, की रक्त खूण ओलांडून, काच ओलांडून, रबर ओलांडून थेट आत!

त्याने डोळे उघडले. गिळलं होतं.

"सर!" तो ओरडला, "सर, मेरा व्रत है!"

सगळी लॅब थांबली. सर आमच्यापेक्षा फार मोठे नाहीत, पण गंभीर आहेत. त्यांनी विचारलं, "खून किसका था?"

"मेरा ही, सर."

"फिर क्या दिक्कत है? घर का खाना है. आगे बढ़ो."

अंशुलचं समाधान झालं नाही. चेहरा एवढासा झाला होता. पाचवा दिवस, चार दिवसांची तपश्चर्या पाण्यात, तीही घरी नवस बोललेली. बाहेर येऊन त्याने नरसिंहपूरला आईला फोन लावला, स्पीकरवर. सगळं सांगितलं. आम्हाला वाटलं, माउली आता रडणार.

मग आईने विचारलं, "नमकीन लगा था क्या?"

"हाँ मम्मी, खारा था."

"तो टूट गया बेटा. सेंधा नमक थोड़ी होगा वो!"

* * *

दुसरी इंटरनल मे महिन्यात. बाहेर जबलपूरचं ऊन, आत आम्ही. या वेळी आधी स्पॉटर होते. म्हणजे वीस टेबलं मांडतात, प्रत्येकावर एक अवयव, त्याला एक झेंडी टोचलेली. झेंडी कशाला टोचली आहे ते उत्तरपत्रिकेवर त्या नंबरापुढे लिहायचं. एका मिनिटाने घंटा वाजते, सगळ्यांनी एक टेबल पुढे. बोलायचं काही नाही! मला वाटलं, ही परीक्षा देवाने माझ्यासाठीच काढली.

आता या वीस टेबलांत एक जागा विश्रांतीची असते. तिथे नुसती खुर्ची. बसा, पाणी प्या, घंटा झाली की उठा. आमच्यात ती बारा नंबरवर होती. मी बसले, पाणी प्यायले, घंटा झाली, तेरावर गेले. तेरावर अपेंडिक्स होतं. ओळखलं! खूश होऊन उत्तरपत्रिकेवर पुढच्या रिकाम्या ओळीत लिहिलं.

पुढची रिकामी ओळ बाराची होती.

तिथून पुढे सगळंच एक घर वर सरकलं. सगळं बरोबर आणि सगळं चूक! हे मला विसाव्या टेबलानंतर कळलं, जेव्हा एक ओळ उरली आणि मॅडम म्हणाल्या, "पेपर दीजिए."

दोन दिवसांनी मॅडमनी बोलावलं. माझा पेपर समोर होता, चष्मा डोळ्यांवर. "किडनी को तुमने जीभ लिखा है. जीभ को तिल्ली. चलो, घबराहट में होता है." मग त्यांनी बारा नंबरवर बोट ठेवलं. "पर बेटा, कुर्सी को अपेंडिक्स?"

आणि वायवा? वायवात या वेळी मी बोलले. खरंच! एक शब्द बोलले. "राइट."

लेफ्ट होतं.

मॅडमनी पेपर घडी करून ठेवला आणि आवाज आणखी खाली आणला. "तीसरी में मुँह नहीं खुला, तो फॉर्म मैं नहीं भेज पाऊँगी. मेरे हाथ में नहीं रहेगा. समझ रही हो?"

मी मान हलवली. अर्थातच. मला तेवढंच येत होतं.

* * *

मग उपाय सुरू झाले. आईने मध आणि ज्येष्ठमध चाटवलं. बाबांनी मॅडमसारखा चष्मा नाकावर ओढून "बोलो बेटा" म्हणून बघितलं, त्यांच्यासमोर मला हसू यायचं, तो उपाय बाद. प्रियंका म्हणाली, "तू गाड़ी चलाते-चलाते बोल. हेलमेट के अंदर कौन सुन रहा है?"

ही कल्पना चांगली होती. ती मागे बसायची आणि प्रश्न विचारायची, मी हेल्मेटमध्ये मोठमोठ्याने उत्तरं द्यायची. मानेतल्या धमनीच्या आठ फांद्या मी अशाच पाठ केल्या, सराफ्यातून सिविल लाइंसपर्यंत, रोज चार.

एक दिवस सिविल लाइंसच्या चौकात सिग्नलला थांबलो. माझं चालूच होतं. शेजारी ट्रॅफिक पोलीस येऊन उभा राहिला. त्याने हेल्मेटची काच ठोठावली.

"मैडम, हेलमेट में फ़ोन दबा रखा है? निकालिए. गाड़ी साइड में लगाइए."

गाडी बाजूला घेतली. हेल्मेट काढलं. फोन नव्हता.

"तो बात किससे कर रही थीं?"

आता हासुद्धा वायवाच की! समोर खाकी वर्दी, प्रश्न, आणि माझं तोंड बंद. मी नुसती बघत राहिले. त्याचा संशय वाढला. "बोलिए! नाम क्या है? लाइसेंस?" मागे हॉर्न वाजून राहिलेले. लायसन्स डिकीत होतं, हे सांगायलासुद्धा तोंड उघडेना. डोळ्यांत पाणी.

शेवटी प्रियंका मधे पडली. "सर, ये नसें याद कर रही है."

"किसकी नसें?"

"अपने टेबलवाली की. मर चुकी हैं."

पोलिसाने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा डिकीकडे बघितलं. दोन पावलं मागे सरकला. "जाइए जाइए. सिग्नल हरा है."

सिग्नल लाल होता!

* * *

तिसऱ्या इंटरनलच्या दिवशी बाबांनी अर्धा दिवस सुट्टी काढली आणि मला स्वतः कॉलेजला सोडलं. मी नको म्हटलं होतं. ते म्हणाले, "मी गेटवर थांबतो. चहा पीन. तू तुझं कर." मला माहीत होतं की चहा सोडून त्यांना बरीच वर्षं झाली.

या वेळी वायवा डिसेक्शन हॉलमध्येच होता, ज्या त्या टेबलावर. प्रियंका माझ्या आधी. ती बाहेर आली, माझा हात दाबला, आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता निघून गेली. त्यानेच मी जास्त घाबरले.

आत फक्त मॅडम. स्टुलावर बसलेल्या, मांडीवर रजिस्टर. आणि टेबलावर त्या बाई, ज्यांच्याकडून आम्ही वर्षभर शिकलो. त्यांचं नाव आम्हाला सांगत नाहीत. गाव नाही, घर नाही. लहानखुऱ्या बांध्याच्या, वय झालेलं, एवढंच.

मॅडमनी उजव्या मांडीवरची चादर बाजूला केली. आत काय काय आहे ते मोकळं करून ठेवलं होतं. "शुरू करो."

मी चिमटा उचलला. मला सगळं दिसत होतं. प्रत्येक गोष्टीचं नाव माझ्या डोक्यात ओळीने उभं होतं. आणि तोंड बंद.

एक मिनिट गेलं. वर पंखा फिरत होता. माझा हात इतका कापत होता की चिमटा स्टीलच्या ट्रेला लागून वाजायला लागला. मी तो थांबवायचा प्रयत्न केला तर जास्तच वाजला. बाबा गेटवर उभे होते. फॉर्म, बॅच, सगळं संपत चाललं होतं आणि ते मी नुसती बघत उभी होते. मला स्वतःचा इतका राग कधीच आला नव्हता.

"पता है?" मॅडमनी विचारलं.

मी मान हलवली.

"सब पता है?"

पुन्हा हलवली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि या वेळी ते फॉर्मलिनने नव्हतं.

मॅडमनी पेन रजिस्टरवर ठेवलं. "तो मुझे मत बताओ. मुझे तीस साल से पता है." त्यांनी टेबलाकडे मान वळवली. "इनको बताओ. पैर इनका है, और इनको आज तक किसी ने नहीं बताया."

आणि त्या स्टुलावरच फिरून, माझ्याकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून बसल्या.

मी उभी राहिले. मग जरा वाकले.

"काकू," मी म्हटलं.

आवाज निघाला होता.

"काकू, हा तुमच्या मांडीचा वरचा भाग आहे. इथे तीन गोष्टी एका लायनीत आहेत, बाहेरून आत. ही पहिली नर्व्ह. मग ही व्हेन... नाही नाही काकू, माफ करा, घाबरून राहिली ना मी. आधी ही आर्टरी. मग व्हेन, सगळ्यात आत. आर्टरीत जोर असतो, म्हणून इथे बोट ठेवलं की नाडी लागते. म्हणजे, लागायची. आणि ही लांब शीर बघा, ग्रेट सॅफेनस. ही पायाच्या अंगठ्याच्या बाजूने निघते, घोट्याच्या पुढून वर येते, आणि इथे ह्या मोठ्या शिरेत मिळते. हिच्या आत छोटे छोटे व्हॉल्व्ह असतात, रक्त खाली उतरू नये म्हणून. खूप वर्षं उभं राहून काम केलं की ते ढिले होतात. मग शीर फुगते, वाकडीतिकडी होते. तुमची झाली आहे, काकू. दोन्ही पायांत. खूप उभ्या राहिल्या असाल तुम्ही. दुखत असेल ना? संध्याकाळी जास्त दुखत असेल. पाय उंच करून झोपलं की बरं वाटते, पण तुम्हाला कोणी सांगितलं नसेल..."

किती वेळ बोलले मला माहीत नाही. आर्टरीच्या फांद्या सांगितल्या, नर्व्हच्या सांगितल्या, हर्निया कुठून उतरतो तेही सांगितलं. बोलणं संपलं तेव्हा ट्रे वाजत नव्हता.

मॅडम स्टुलावर वळल्या. चष्मा काढून पदराने पुसला. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. उजवं की डावं, तेही नाही. चादर नीट ओढून पायांवर घातली, आणि टेबलाकडे वाकून, त्यांच्या त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "क्यों माताजी? पास कर दूँ?"

आणि थांबल्या. खरंच थांबल्या, उत्तराची वाट बघत. मीही थांबले.

मग त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं आणि पेन उचललं.

"मना तो नहीं कर रहीं."